नमुन्याची पेटी

आक्का,

तुला जाऊन बारा दिवस झाले आणि पाव्हणी अजून बिळाबाहेर आलेली नाही. सकाळपासून मी पाचव्यांदा माठावरची चाळण उचलून पाहिली. बिळाच्या तोंडाशी तिने जाळ्याचा पडदा ओढून घेतलाय, पांढरा आणि जाड, आतलं काही दिसत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, सारखी उघडझाप करू नगं, तिला तिचं काम असतंय. मला कळतं. तरी हात स्वस्थ बसत नाहीत. चहा ठेवते, विसरते, तो उतू जातो. बेळगावच्या शाळेत पंधरा दिवसांची रजा टाकून आलेय, तिथे मुलींच्या वह्या तपासायच्या पडल्यात, आणि मी इथे निपाणीत, तुझ्या मागच्या पडवीत, एका कोळिणीची वाट बघत बसलेय.

समाचाराला येणाऱ्या बायका माठापासून चार हात लांब बसतात. एकीने तर सांगितलं की आता तरी ते जनावर ओढ्याला नेऊन सोड. मी तिला फाडकन बोलले. नंतर वाईट वाटलं, पण माफी मागायला गेले नाही. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. तू होतीस तेव्हा माझ्या वतीने तूच जाऊन गोड बोलून यायचीस. आता ते काम कुणी करायचं, हाही प्रश्नच आहे.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली, आक्का. ती गेली आठ वर्षं माझ्या तोंडात आहे. ती सांगितल्याशिवाय मला इथून हलता यायचं नाही असं वाटतं, म्हणून लिहायला बसले. पण ती पाव्हणीपासूनच सुरू होते, त्यामुळे तुला ठाऊक असलेलंही पुन्हा ऐकावं लागेल.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली असतील. मी बेळगावला कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. पाऊस संपता संपता आमची सहल खानापूरच्या रानात गेली. रस्त्याकडेच्या लाल मातीच्या दरडीला भोकं होती, रुपयाएवढी, तोंडाशी जाळ्याचं अस्तर. सरांनी गवताची काडी आत घालून हलवली आणि ही बाहेर आली, तळहाताएवढी, काळपट तपकिरी, अंगभर केस. टॅरँटुला, सर म्हणाले. परीक्षेला प्रत्येकाने एक नमुना द्यायचा होता, बाटलीत औषधात बुडवलेला. मला हीच हवी होती, कारण दुसऱ्या कुणाची हात लावायची छाती नव्हती. बरणीत घालून, वर फडकं बांधून, मी शनिवारच्या बसने ती घरी आणली. मारायचं औषधही पिशवीत होतं.

तू नुकतीच वखारीतून आली होतीस. तंबाखू चाळून चाळून भुवया पिवळ्या झालेल्या. बरणी उजेडात धरून तू बराच वेळ बघितलंस. किंचाळशील अशी मला खात्री होती, थोडी आशाही होती. तू फक्त विचारलंस, "जित्ती हाय न्हवं ही? मग मारायची कशापायी?"

मी परीक्षेचं सांगितलं. तू म्हणालीस परीक्षा मार्चात हाय, तवर ऱ्हाऊ दे, पाव्हणी म्हणून. आई गेल्यापासून आपल्या घरात तुझाच शब्द चालायचा. मी नऊ वर्षांची होते आणि तू सोळाची, आणि वखारीत आईची चाळण ज्या जागेवर होती तिथे दुसऱ्याच आठवड्यात तू जाऊन बसलीस. त्यामुळे तू पाव्हणी म्हटलंस की ती पाव्हणीच झाली. जनावरांना नावं देऊ नयेत, त्यांना ती कळत नाहीत, हे माझं म्हणणं तू कधी मान्य केलं नाहीस. कळत न्हाय तर मग बोलावल्यावर आपल्याला का बरं वाटतंय, असं तू विचारायचीस. 

मग ती पेटी. रविवारी सकाळी तू वखारीत जाऊन मुकादमाकडून मागून आणलीस. व्यापारी आले की तंबाखूचा नमुना दाखवायला वापरतात तसली, सागवानी, वर काचेचं सरकतं झाकण. एक कोपरा उडाला म्हणून टाकून दिलेली. किती खुशीत होतीस तू. सोड्याच्या पाण्याने घासलीस, उन्हात वाळवलीस, परसातली माती भरलीस, कोपऱ्यात फुटक्या कपाची बशी पाण्याला ठेवलीस. मी वहीत बघून सांगायचं आणि तू करायचंस. माती किती खोल, ओलावा किती, हवेला भोकं कुठे. पेटी दिसायला इतकी देखणी झाली की तू शेजारणीला बोलावून दाखवलीस. पाव्हणी आत सोडली, काच सरकवली, आणि आपण दोघी पाटावर बसून नाटक बघावं तशा बघत बसलो.

आपल्यापैकी एकीच्याही नाकाला काही लागलं नाही. मी आदल्याच दिवशी आले होते, पण तेव्हा माझं नाक एका रात्रीत इथलं व्हायचं. लागणार कसं? निपाणीत जन्मलेल्या माणसाला तंबाखूचा वास येतो तो गाव सोडून परत आल्यावर. आपल्या गोधडीला तो, भाकरीच्या दुरडीला तो, तुझ्या केसांना तर तोच. आणि तंबाखूचं पाणी उकळून वांग्यांवरचा मावा मारतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मी तर प्राणिशास्त्र शिकत होते. तरी आपण त्या जिवाला वर्षानुवर्षं तंबाखू मुरलेल्या लाकडात ठेवलं आणि छान झालं म्हणालो. ही चूक फक्त आपल्याच गावात होऊ शकते.

सोमवारी मी बेळगावला गेले. चौथ्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली, परत आले, तर तू दारातच. "पाव्हणी मातीवर टेकंना," म्हणालीस. ती काचेला चिकटून होती. खाली उतरवली की पाय उचलून उचलून टाकायची, झोकांड्या खात, आणि मग पाय पोटाशी आवळून घ्यायची. तू तीन दिवस कापसाने पाणी ठिबकवत होतीस, तुला वाटलं तहान असेल. मी काच सरकवली, आत वाकले आणि मला सटासट शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवस बाहेर राहून आलेलं माझं नाक.

मी म्हणाले, "आक्का, पेटीच विषारी हाय. तंबाखू मुरलाय तिच्यात."

तू पेटीकडे बघितलंस. मग तुला खोकल्याची उबळ आली, ती नेहमीची, जिला आपण वखारीचा खोकला म्हणायचो आणि जी वखारीतल्या सगळ्या बायकांना असायची म्हणून कुणालाच आजार वाटायची नाही. तू पदर तोंडाला लावलास. पदरातून धूळ उडाली, तिरप्या उन्हात मला ती स्पष्ट दिसली. तुझ्या केसांत ती होती, भुवयांत होती, नखांत होती.

तेवढ्यात मला कळलं. पुढे केव्हातरी विचार करून नाही, त्याच घटकेला. जे चार दिवसांत पाव्हणीला झालं ते बारा वर्षांत तुला होतंय. आईला काय झालं होतं तेही कळलं. मी तोंड उघडलं, आक्का. शब्द तयार होते.

आणि मी म्हणाले, "पेटी धुऊन भागणार न्हाय, टाकून दे."

तू म्हणालीस, "व्हय. मुक्या जिवाला सांगता येत न्हाय गं. आपल्यालाच समजाया पाह्यजे." आणि त्याच पावली पाव्हणीला सुपात घेऊन मागच्या पडवीत गेलीस.

माझं शेवटचं वर्ष पुरं व्हायचं होतं. तुझ्या वखारीवर माझं कॉलेज चाललं होतं. म्हणून मी गप्प बसले. याच्यावर काही पांघरूण घालता येत नाही. एकवीस वर्षांच्या मुलीला एवढा विचार सुचतो का, असं मी स्वतःला खूपदा विचारून पाहिलं. मला सुचला होता.

पुढे पाव्हणीचं खरं घर बांधताना आपलं भांडण झालं ते मला आठवून आठवून हसू येतं आणि मग लगेच राग येतो, कुणाचा ते कळत नाही. मी बेळगावच्या खडेबाजारातून काच कापून आणली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, बसमध्ये उभ्याने सांभाळत. चारी बाजूंनी काचेचं घर करायचं, म्हणजे बिळातलीही हालचाल दिसेल आणि टिपणं काढता येतील. तू कुंभाराकडून भाजताना काठ उडालेला मोठा माठ आणून ठेवला होतास. मी चिडले. मातीच्या माठात दिसणार काय, म्हणाले. तू शांतपणे म्हणालीस, "तिला दिसायचं न्हाय मंगे, तिला ऱ्हायाचं हाय."

मग तुझी दुसरी अट. परसातली माती चालायची नाही, इथल्या वाऱ्यात तंबाखू हाय, तिच्या घरची माती आण. मी कुरकुरत खानापूरला गेले आणि त्याच दरडीची लाल माती दोन पिशव्या भरून आणली. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हणाले माती, तो म्हणाला ते दिसतंय. तू ती माती ओली करून माठात दाबून दाबून भरलीस, वीतभर नाही, चांगली हातभर, आणि लाटण्याने तिरकं भोक पाडून दिलंस. एका कडेनेच पाणी घालायचंस, म्हणजे ओली जागा हवी तर ओली, कोरडी हवी तर कोरडी. हे कुठल्या वहीत नव्हतं. वर झाकायला वखारीतली जुनी चाळण तू उचललीस, आणि मग थबकून खाली ठेवलीस. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारातून पिठाची कोरी चाळण आणलीस. पाव्हणी तासभर माठाच्या काठाशी बसून राहिली. मग एक पाय भोकात घातला, मग दुसरा, आणि आत गेली. तू इतक्या जोरात माझा दंड धरलास की वळ उठला.

आठवड्याभरात तिचे पाय सुधारले. फेब्रुवारीत तिने असाच बिळाच्या तोंडाशी पडदा ओढला. मेली, म्हणून मी रडले, तू मात्र रोज कडेने पाणी घालत राहिलीस. बाराव्या की तेराव्या दिवशी पडदा फाटला आणि तोंडाशी तिची कात पडलेली, आठही पाय, केसांसकट, हुबेहूब दुसरी पाव्हणी. तीच मी पुठ्ठ्यावर लावून परीक्षेला दिली. सरांनी ती सगळ्या वर्गाला दाखवली. तू म्हणालीस, बघ, मारल्याबिगर पास झालीस. त्या दिवशी तू गूळ-शेंगदाणे वाटलेस. आपल्या घरातली पहिली पदवी त्या कातेवर मिळाली असं तू सगळ्यांना सांगायचीस, आणि मी लाजायची. आज तसं कुणी सांगावं म्हणून मी काहीही देईन.

तुझे नियमही तेव्हापासूनचे. वखारीतून आलीस की आधी न्हाणीत जायचं, कोपरापर्यंत साबण, डोक्यावरून पाणी, लुगडं बदलायचं, आणि मग पडवीत पाऊल. वखारीचं लुगडं बाहेर परसातल्या दोरीवर. खायला नाकतोडे आणायचेस तेही ओढ्याच्या गवतातले, तंबाखूच्या शेतातले नाहीत. शेजारणी म्हणायच्या, देवाला एवढं सोवळं कुणी पाळत नाही. आपल्याकडे सोवळ्याची थट्टाच व्हायची, त्यामुळे तू जोरात हसायचीस.

आणि मग तू मला सांगितलंस, ह्या उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊ नगं.

मी परीक्षा संपवून वळकटी बांधून बसले होते. तुझं पोस्टकार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, दोन ओळी. हंगाम जोरात आहे, घरात धूळ फार, तू तिथेच बेळगावच्या कॅम्पात शिकवणी बघ. मी मिळेल त्या बसने आले आणि दारातच भांडले. तुला आता पाव्हणी पुरते, मी कशाला हवी, म्हणाले. तू जेवायला वाढलंस, आणि सकाळच्या बसला स्वतः पोचवायला आलीस. मी खिडकीतून तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढे मला शाळेत नोकरी लागली, कॅम्पात दोन खोल्या घेतल्या. तुला बोलावलं, किती वेळा बोलावलं. तू म्हणायचीस, पाव्हणीला बसचा प्रवास सोसायचा न्हाय. दर खेपेला तेच. मी म्हणायची, आक्का, ती माझ्याबरोबर खानापूरहून बरणीत आली होती. तू विषय बदलायचीस. मला वाटायचं, मी शिकले म्हणून तू मला परकी केलीस. सणावाराला दोन दिवस येऊन जायची मी, माझ्या घरी शहाण्यासारखी वागायची आणि इथे आले की फुरंगटायची. इतकी वर्षं. वखार सोड असं मी तेव्हा म्हणायला लागले होते, उघडपणे, ऐटीत, आता मला पगार होता म्हणून. तू म्हणायचीस, आता सोडून काय व्हायाचंय. तुझं खरं होतं. ज्या दिवशी म्हणायला हवं होतं तो दिवस मागेच गेला होता.

शेवटी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? तू म्हणालीस, घरीच असते. मी शेजारी उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही. तुझी लाज वाटली असं समजू नकोस. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न मला विचारू नये, एवढंच मला वाटत होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या विधीला शेवंतामावशी आल्या. वखारीत तुझ्या शेजारी बसून वीस वर्षं चाळण धरलेल्या. सगळे गेल्यावर त्या पडवीत आल्या, माठाजवळ बसल्या, लांब नाही बसल्या. म्हणाल्या, ही ती कोळीण होय. मग त्यांनी मला ते सांगितलं. ज्या दिवशी तू पेटी फोडून चुलीत न घालता लांब ओढ्यात टाकून आलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी वखारीत त्यांना म्हणाली होतीस की माझ्या मंगीला आता हंगामात घरात येऊ द्यायची न्हाय, तिला सुट्टीला आली की शिंका येतात. मावशींनी विचारलं, मग तू गं?

"काय म्हणाली ती?" मी विचारलं.

मावशींनी माठावरची चाळण सरळ केली. "म्हणाली, पेटीत एकजण ऱ्हायल्याबिगर दुसरी भाईर कशी ऱ्हाईल."

म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं होतं. त्याच घटकेला, मला कळलं तेव्हाच. आपण दोघी त्या पेटीवर वाकून उभ्या होतो, दोघींना एकच गोष्ट कळली, आणि दोघीही पाव्हणीबद्दल बोलत राहिलो. तू मला वाचवायला गप्प बसलीस आणि मीही मलाच वाचवायला गप्प बसले. तेवढाच फरक. मला रात्रंदिवस तो फरक टोचतो आहे. तू रागावून एकदा म्हणाली असतीस तरी चाललं असतं, मंगे, तुलाही कळलंय, मला दिसलंय. दिसलं असणारच. तुला पाव्हणीच्या पायाच्या टोकावरून कळायचं तिला काय हवंय, माझ्या तोंडावरून कळलं नसेल होय?

खडेबाजारातली ती काच तू टाकली नव्हतीस. कपाटामागे सापडली, त्याच वर्तमानपत्रात. परवा तुझ्या फोटोला तीच बसवून आणली. चौकटीवाल्याने थोडी कापली. फोटोत तू अवघडून बसलीस, आणि आता सगळ्यांना दिसतेस. दिसायचं न्हाय, ऱ्हायाचं हाय, हे तुझंच वाक्य मला फोटोपुढे उदबत्ती लावताना आठवतं आणि मी तिथून उठून पडवीत येते.

एवढं लिहून झालं आणि मी पुन्हा माठ बघायला गेले. सहावी खेप. पडदा एका बाजूने फाटलाय, आक्का. तोंडाशी कात पडलीय, ओलसर, आठही पाय. आतमध्ये अंधारात ती आहे, फिकट, नवी, हलते आहे. मी हाक मारली, तुझ्यासारखी. तिला कळलं नाही. मला बरं वाटलं.

कात उचलायची म्हणून हात धुवायला न्हाणीत गेले, कोपरापर्यंत साबण लावून. वखारीत मी कधी गेले नाही, तरी तुझा नियम. पुसायला काही मिळेना म्हणून न्हाणीच्या दारातूनच परसातल्या दोरीवरचं तुझं लुगडं ओढलं. वखारीच्या शेवटच्या दिवसाचं, मी धुतलं नव्हतं, मुद्दाम ठेवलं होतं. आल्या दिवशी या घराच्या वासाने मला ठसका लागला होता, उंबऱ्यातच उभी राहिले होते, आणि वाटलं होतं की निदान एवढी तरी तू उरलीस. आता लुगडं तोंडाशी धरलं. मग नाकाशी दाबून धरलं. कसलाच वास येत नाही.

बारा दिवसांत माझं नाक पुन्हा इथलं झालं. तू गेलीस म्हणजे काय, ते मला आत्ता न्हाणीत उभं राहून कळलं, आणि तू काय म्हणाली असतीस तेही लगेच कळलं. मंगे, वळकटी बांध.

उद्याच्या पहिल्या बसने निघते. माठ मांडीवर घेईन. पाव्हणीला प्रवास सोसतो की नाही ते वाटेतलं संकेश्वर यायच्या आत समजेल. सोसेल, आक्का. तुलाही सोसला असता.